वाळू कोठून आली, हे विचारावे काय?

मोडनिंबच्या एखाद्या गल्लीत घराचे बांधकाम चालू आहे, असे समजा. जोते भरून झाले, भिंती उभ्या राहिल्या, आता स्लॅब टाकायचा आहे. गवंडी सांगतो, "मालक, तीन ब्रास वाळू लागेल." मध्यरात्रीनंतर दिवे न लावता एक ट्रॅक्टर येतो, ट्रॉली रिकामी करतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. पावती मिळत नाही. पैसे रोख द्यावे लागतात. फजरच्या नमाजसाठी बाहेर पडताना घरमालकाला दारापुढे वाळूचा ढीग दिसतो. हा मनुष्य दीनदार आहे. तो व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतो. परगावी हॉटेलात बसला तर मांस हलाल आहे काय, हे विचारल्याशिवाय घास उचलत नाही. परंतु हा ढीग कोठून आला, हे त्याने विचारलेले नाही. विचारावे, असे त्याच्या मनातही आलेले नाही.

वाचकहो, हा घरमालक कोणी परका नव्हे. आपणही कधी ना कधी त्याच्या जागी उभे राहिलो आहोत. म्हणून आज एकाच प्रश्नाचा विचार करू या. जी वस्तू आपण रास्त दाम देऊन विकत घेतो, तिच्या उगमाविषयी आपल्यावर काही जबाबदारी आहे काय? विकणाऱ्याचे पाप विकणाऱ्याच्या माथी, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो काय? की उद्या अल्लाहसमोर विकत घेणाऱ्यालाही जाब द्यावा लागणार आहे?

नदीतून काय जाते?

आपल्या माढा तालुक्याला एका बाजूने भीमा आहे आणि दुसऱ्या बाजूने सीना. वाळू ही या नद्यांची हजारो वर्षांची कमाई आहे. डोंगरातील खडक झिजतो, पाण्याबरोबर वाहत येतो आणि पात्रात थर धरून बसतो. हा थर पावसाळ्याचे पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना हळूहळू झिरपू देतो. वाळू उपसली की खाली कातळ किंवा चिकणमाती उघडी पडते. पाणी थांबत नाही, विहिरी लवकर तळ गाठतात. शिवाय १९८० साली उजनी धरण पूर्ण झाल्यापासून वरची वाळू धरणातच अडते. धरणाच्या खालच्या पात्रातून आज उपसलेली वाळू सहजासहजी भरून येत नाही. जी गेली ती आपल्या आणि आपल्या मुलांच्या आयुष्यापुरती गेलीच.

हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. तेथील वाळवंटात आपले वारकरी शेजारी लाखोंच्या संख्येने जमतात. उपशाने पात्रात पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. स्नानाला उतरलेल्या माणसाच्या जिवावर ते बेतू शकतात. ज्या दीनमध्ये वाटेतील काटा दूर करणे हे ईमानचे एक अंग मानले गेले आहे, त्या दीनच्या अनुयायाने शेजाऱ्याच्या वाटेतील खड्ड्याला हातभार लावावा, हे कसे शोभेल?

कायद्यानेही हा व्यवहार वाऱ्यावर सोडलेला नाही. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमानुसार वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड ही गौण खनिजे आहेत आणि त्यांचे नियमन राज्याकडे आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे नियम आहेत. वाळू काढण्यासाठी परवाना लागतो, शासनाला स्वामित्वधन, म्हणजे आपल्या बोलण्यातील रॉयल्टी, द्यावी लागते आणि गाडीबरोबर वाहतुकीचा पास असावा लागतो. विनापरवाना उत्खननास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननासही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. रात्रीच्या त्या ट्रॅक्टरने यांपैकी काय पाळले असेल, याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही.

आणि हा केवळ पाण्याचा व पैशाचा प्रश्न नाही. वाळूची गाडी अडवायला गेलेल्या महसूल व पोलीस कर्मचाऱ्यांच्या अंगावर वाहन घालण्याचे प्रकार आपल्या महाराष्ट्रात वारंवार घडले आहेत. ट्रॅक्टर चालविणारा तरुण बहुधा कोणा गरिबाचा मुलगा असतो. त्याच्या वाट्याला मजुरी थोडी आणि धोका सगळा येतो. नफा दुसऱ्याच्या घरी जातो.

खनिज आणि तराजू

दिव्य कुरआनात सूरह अल-हदीदमध्ये (५७:२५) अल्लाहने लोखंडाचा उल्लेख केला आहे. त्यात मोठे सामर्थ्य आहे आणि लोकांसाठी लाभ आहेत, असे तेथे सांगितले आहे. पण त्याच आयतीत त्याआधी काय आले आहे, हे आपण पाहतो काय? प्रेषित पाठविले, ग्रंथ उतरविला, तराजू दिला. हेतू हा की लोकांनी न्यायावर कायम राहावे. न्यायाचा तराजू आधी आणि खनिज नंतर. जमिनीच्या पोटातील वस्तू माणसाला मिळाली, ती तराजूसह मिळाली. तराजू बाजूला ठेवून केवळ खनिज उचलणे म्हणजे अर्धी देणगी घेणे आणि अर्धी नाकारणे होय.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. "नदी काय कुणाच्या बापाची आहे काय? वाळू अल्लाहची, सगळ्यांची." हे म्हणणे वरवर पाहता धार्मिक वाटते. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्व लोक भागीदार आहेत, ही हदीस सुप्रसिद्ध आहे. मात्र भागीदारीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 'सुनन अबू दाऊद' व 'तिर्मिजी' या हदीससंग्रहांत हजरत अब्यज बिन हम्माल (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. त्यांनी यमनमधील मआरिब येथील मिठाची जागा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागितली आणि प्रेषितांनी ती त्यांना दिली. ते निघून गेल्यावर उपस्थितांपैकी एकाने निदर्शनास आणले की, ते मीठ कधीही न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे. तेव्हा प्रेषितांनी दिलेली जागा परत घेतली.

वाचकहो, विचार करा. दिलेले दान परत घेणे ही प्रेषितांची रीत नव्हती. तरीही येथे त्यांनी ते परत घेतले, कारण सर्वांच्या गरजेची वस्तू एकाच्या ताब्यात जात होती. या हदीसच्या आधारे इस्लामी विधिज्ञांनी असे ठरविले की, जी खनिजे उघड्यावर सहज हाती लागतात त्यांवर कोणा एकाची मालकी होऊ शकत नाही. म्हणजे 'सगळ्यांची' याचा अर्थ 'ज्याच्याकडे जेसीबी आहे त्याची' असा होत नाही. सगळ्यांची वस्तू ही अमानत असते. अमानतीतून घ्यायचे तर सगळ्यांनी मान्य केलेल्या रीतीने, मोजून आणि इतरांचा वाटा शिल्लक ठेवून घ्यावे लागते. जो रात्रीच्या अंधारात घेतो तो भागीदार म्हणून घेत नाही. भागीदाराला अंधाराची गरज नसते.

"मी तर फक्त विकत घेतली"

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. घरमालक म्हणेल, "मी नदीत उतरलो नाही. मी पैसे मोजले." हा युक्तिवाद इस्लामी शिकवणुकीत कितपत टिकतो?

सूरह अल-माइदामध्ये (५:२) पुण्य व ईशभय यांत परस्परांना साहाय्य करण्याची आणि पाप व अत्याचार यांत साहाय्य न करण्याची आज्ञा आहे. मद्याविषयीच्या हदीसमध्ये तर पिणाऱ्याबरोबरच गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा आणि विकत घेणारा अशी संपूर्ण साखळीच दोषी धरली आहे. वाळू मद्याप्रमाणे स्वतः हराम नाही, हे खरे. म्हणून तो निर्णय जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. परंतु साखळीतील प्रत्येक हात मोजला जातो, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. गिऱ्हाईक नसेल तर ट्रॅक्टर रात्री नदीत उतरणार नाही. आपले रोख पैसे हेच त्याचे डिझेल आहे.

'सहीह बुखारी'मध्ये हजरत अबू बकर (रजि.) यांचा प्रसंग आहे. त्यांच्या सेवकाने आणलेले अन्न त्यांनी खाल्ले. नंतर सेवकाने सांगितले की, अज्ञानकाळात त्याने एकाला खोटे भविष्य सांगून फसविले होते आणि त्याचाच मोबदला म्हणून हे मिळाले. हजरत अबू बकर (रजि.) यांनी घशात बोटे घालून पोटातील सर्व बाहेर काढले. त्यांनी स्वतः कोणाला फसविले नव्हते. त्यांना ठाऊकही नव्हते. पण उगम कळल्यावर ते स्वस्थ बसू शकले नाहीत.

किती खोल विचारावे?

येथे कोणी जाणकार वाचक योग्य शंका घेईल. इस्लामने तर अति चौकशीपासून रोखले आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:१२) संशय व हेरगिरी यांची मनाई आहे. नवमुस्लिम लोक मांस आणून देत, त्यावर अल्लाहचे नाव घेतले होते की नाही हे ठाऊक नसे. तेव्हा तुम्ही स्वतः नाव घ्या आणि खा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनात आहे. प्रवासात एका हौदापाशी आल्यावर हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी हौदाच्या मालकाला विचारले की, येथे हिंस्र श्वापदे पाणी पितात काय? तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी मालकाला म्हटले की, हे आम्हाला सांगू नकोस. मग दाणाबाजारात जाऊन प्रत्येक पोत्याचा इतिहास विचारत बसायचे काय?

नाही. दीनमध्ये अशी अडचण नाही. पण या प्रसंगांतील भेद लक्षात घ्या. मांस आणणारे लोक ईमानधारक होते, त्यांच्याविषयी वाईट मानण्यास काही खूण नव्हती. हौदाचे पाणी वाहते जीवन होते, श्वापदाने पिण्यात कोणा माणसाचा हक्क बुडत नव्हता. जेथे वाईटाची खूण नाही तेथे चांगलेच मानावे, ही शिकवण आहे. जेथे खूण डोळ्यांपुढे उभी आहे तेथे डोळे मिटावेत, ही शिकवण नाही.

आणि वाळूच्या व्यवहारात खुणा किती स्पष्ट आहेत! पावती मागितली की विकणारा हसतो. माल दिवसा आणता येत नाही, असे तो स्वतःच सांगतो. 'वर' किती द्यावे लागते, याचा हिशोबही तो आपल्या दरात धरतो. सूरह अल-बकरामध्ये (२:१८८) परस्परांची संपत्ती अन्यायाने खाऊ नका आणि जाणूनबुजून लोकांच्या संपत्तीचा हिस्सा गिळण्यासाठी ती अधिकाऱ्यांपुढे टाकू नका, असे बजावले आहे. आपण दिलेल्या दरात तो हिस्सा आहे, हे ठाऊक असताना आपण अनभिज्ञ कसे?

अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, माहीत नाही म्हणून असलेले. दुसरे, माहीत होऊ नये म्हणून जपलेले. पहिल्याला क्षमेची आशा आहे. दुसरे अज्ञान नसतेच. तो एक निर्णय असतो. हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि या दोहोंमध्ये संशयास्पद गोष्टी आहेत, असे सांगणाऱ्या हदीसमध्ये राखीव कुरणाच्या कडेला गुरे चारणाऱ्या गुराख्याचे उदाहरण आहे. त्याची गुरे केव्हा आत शिरतील याचा नेम नसतो. सोलापूरच्या माळावर गुरे राखलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

विशेष म्हणजे जगातील मोठ्या व्यापाराला हाच प्रश्न आज छळतो आहे. आपल्या खिशातील मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट असते आणि जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील कांगो देशातून येते. तेथील काही खाणींत लहान मुले राबत असल्याचे अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ मध्ये जगापुढे आणले. कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांच्या विक्रीतून सशस्त्र टोळ्यांना पैसा मिळतो म्हणून अमेरिकेने २०१० मध्ये कायदा केला. युरोपीय संघाचा तसाच नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. 'आम्ही केवळ विकत घेतले' हे कंपन्यांचे उत्तर आता पुरेसे मानले जात नाही. ओईसीडी या राष्ट्रसंघटनेने २०११ मध्ये कंपन्यांसाठी पाच पायऱ्या सांगितल्या. आपल्या व्यवहाराची शिस्त लावा, साखळीतील धोका ओळखा, त्यावर उपाय करा, तटस्थ व्यक्तीकडून तपासून घ्या आणि काय केले ते जाहीर सांगा. परदेशी कंपनीने खाणीपर्यंत चौकशी करावी, असे आपल्याला वाटते. तर पंधरा-वीस मैलांवरील नदीची चौकशी आपण का करू नये?

काम चांगले असेल तर?

शेवटची पळवाट सर्वांत मोहक आहे. "काम तर पुण्याचे आहे. मस्जिदचा वरचा मजला आहे, मदरशाची खोली आहे, विधवेचे घरकुल आहे." २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच तालुक्यातील कुर्डू गावच्या मुरूम उत्खननाची चर्चा राज्यभर झाली. मुरूम गावच्या रस्त्यासाठी होता, असे एक म्हणणे होते. परवानगी नव्हती, असे दुसरे. त्या प्रकरणाचा निवाडा करणे आपले काम नाही. पण काम सार्वजनिक असल्याने साहित्याचा उगम आपोआप शुद्ध होतो काय, हा प्रश्न त्याने आपल्या दाराशी आणून ठेवला आहे.

याचे उत्तर काबागृहाच्या भिंतींतच आहे. प्रेषितत्व प्राप्त होण्याच्या काही वर्षे आधी कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली. ते मूर्तिपूजक होते, अज्ञानकाळात जगत होते. तरीही त्यांनी ठरविले की, या घरात व्याजाचा, वेश्याव्यवसायाचा किंवा कोणावर जुलूम करून मिळविलेला पैसा घालायचा नाही. शुद्ध कमाई अपुरी पडली. तेव्हा त्यांनी अशुद्ध पैसा घेतला नाही, इमारत लहान केली. हतीमचा भाग भिंतीबाहेर राहिला. हजला किंवा उमराला गेलेल्या प्रत्येकाने ती अर्धवर्तुळाकार भिंत पाहिली आहे. अल्लाहचे घर लहान राहिले तरी चालेल, पण त्यात जुलमाचा दगड नको, याची ती साक्ष आहे. अज्ञानकाळातील लोकांना जे कळले ते आपल्याला कळू नये काय?

सूरह अत-तौबामध्ये (९:१०९) दोन इमारतींची तुलना आहे. एकीचा पाया ईशभय आणि अल्लाहच्या प्रसन्नतेवर आहे. दुसरी पाण्याने खालून पोखरलेल्या, ढासळत्या काठावर उभी आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेच्या महापुरात ज्यांनी काठची शेते खचताना पाहिली, त्यांना हा दृष्टान्त डोळ्यांपुढे दिसेल. तो महापूर वाळूच्या उपशाने आला, असे आम्ही म्हणत नाही. पण चोरीच्या वाळूच्या बाबतीत हा दृष्टान्त अक्षरशः लागू पडतो. नदीचा काठ पोखरून आणलेल्या वाळूने पाया भरणारा मनुष्य वर कितीही सुंदर मेहराब उभी करो, त्याने आपला पाया कोणत्या काठावर घातला, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

मग करायचे काय?

वैध वाळू वेळेवर मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. शासनाने २०२३ मध्ये डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले, २०२५ मध्ये ते बदलून पुन्हा लिलावाची पद्धत आणली. धोरणे बदलतात आणि बांधकाम अडून राहते. तरीही वाट पूर्णपणे बंद नाही. घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू स्वामित्वधन न आकारता देण्याची तरतूद आहे. तहसील कार्यालयात अर्ज करावा, गावातील निरक्षर लाभार्थ्यांना त्यासाठी मदत करावी. दगडापासून केलेली क्रश सँड वापरता येते. मात्र त्या खाणीलाही परवाना आहे काय, हे विचारावे. बांधकामाचा ठेका देताना 'साहित्य पावतीसह' ही अट पहिल्याच दिवशी घालावी. मस्जिदच्या विश्वस्तांनी वाळू, खडी व मुरूम यांच्या पावत्या चंद्याच्या हिशोबाबरोबर जुमाच्या दिवशी लोकांपुढे ठेवाव्यात. आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्या बंधूंनी मुलाला रात्री नदीवर पाठविण्यापूर्वी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.

एवढे करूनही वैध माल मिळाला नाही तर? तर थांबावे. किंवा इमारत लहान करावी. यात खर्च वाढेल, काम लांबेल, शेजारी नावे ठेवतील. ही किंमत खरी आहे, ती आम्ही लपवीत नाही. जे घर पूर्वीच बांधून झाले त्यासाठी मनापासून तौबा करावी, आणि जो हक्क बुडाला तो सर्व लोकांचा होता म्हणून विहीर, झाडे, बंधारा अशा लोकांच्याच कामी शक्य तेवढे परत द्यावे.

वाचकहो, दारातील वाळूचा ढीग चार दिवसांत सिमेंटमध्ये मिसळून जातो. भिंतीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही की, यातील कोणता कण कोठून आला. अल्लाहला मात्र कणाकणाचा हिशोब ठाऊक आहे. मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात दडलेली असो की आकाशात वा पृथ्वीत, अल्लाह ती समोर आणील, असे हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला समजावले होते (३१:१६). तो हिशोब होण्यापूर्वी आपणच एक साधा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या: हे कोठून आले?

अल्लाह आम्हा सर्वांना शुद्ध कमाई, शुद्ध निवारा आणि विचारण्याचे धैर्य प्रदान करो. आमीन.